दिल्लीचे धुके आणि मनोऱ्यांवरील रबर

राजधानी दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या द्वारका उपनगरात, यशोभूमी या अधिवेशन केंद्रात, मार्च २०२५ मध्ये वीज पारेषण क्षेत्राची 'ग्रिडकॉन' ही आंतरराष्ट्रीय परिषद आणि प्रदर्शन भरले होते. पॉवरग्रिड या केंद्रीय सार्वजनिक कंपनीने योजलेल्या या परिषदेत ग्रिडची लवचिकता, नवे तंत्रज्ञान आणि अपारंपरिक ऊर्जेची जोडणी हे चर्चेचे विषय होते. यशोभूमीपासून जवळच बमनौली येथे दिल्लीभोवतीच्या ४०० किलोव्होल्ट कड्यातील एक महत्त्वाचे उपकेंद्र आहे. याच परिसरात पॉवरग्रिडने वायुरोधित पद्धतीचे नवे ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रही उभारले आहे. राजधानीचा वीजपुरवठा कोणत्या पदार्थांच्या भरवशावर चालतो, हे समजून घेण्यास द्वारका हे योग्य ठिकाण आहे.

दिल्ली आता स्वतःपुरती वीज निर्माण करीत नाही. इंद्रप्रस्थ, राजघाट आणि शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये बदरपूर ही कोळशावर चालणारी केंद्रे बंद झाली. प्रदूषणाच्या दृष्टीने ते आवश्यक होते. मात्र त्यामुळे शहराची बहुतेक गरज बाहेरून येणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांवर आली. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॅट या विक्रमी पातळीवर गेली. एवढी वीज शहरात आणणाऱ्या तारा मनोऱ्यांना ज्या वस्तूने टांगलेल्या असतात, ती वस्तू म्हणजे इन्सुलेटर अर्थात विद्युतरोधक. उत्तर भारतातील ग्रिडचा गेल्या पाव शतकाचा इतिहास बऱ्याच अंशी या साध्या दिसणाऱ्या वस्तूशी निगडित आहे.

पाऊस बरा, धुके वाईट

४०० किलोव्होल्ट वाहिनीच्या सरळ मनोऱ्यावर चिनी मातीच्या सुमारे २३ चकत्यांची माळ असते. तार आणि लोखंडी मनोरा यांच्यामधून वीज वाहू नये, हे तिचे काम. कोरड्या हवेत ती ते चोख करते. मुसळधार पावसातही फारसे बिघडत नाही, कारण पाऊस चकत्या धुऊन काढतो. अडचण होते ती धुक्यात.

हिवाळ्यात गंगा-यमुनेच्या मैदानात वीटभट्ट्यांची राख, वाहनांचा धूर, रस्त्यांची धूळ आणि पिकांचे खुंट जाळल्याने उठणारी काजळी हवेत साचते. तिचा थर चकत्यांवर बसतो. हा थर कोरडा असेपर्यंत निरुपद्रवी असतो. पहाटेचे धुके त्याला हलकेच ओलावते, परंतु धुऊन टाकत नाही. थरातील क्षार पाण्यात विरघळतात आणि चकतीच्या पृष्ठभागावरून सूक्ष्म प्रवाह गळू लागतो. त्या प्रवाहाच्या उष्णतेने काही पट्टे वाळतात, त्या अरुंद कोरड्या पट्ट्यांवर विजेचा सारा ताण येतो आणि तेथे ठिणग्या पडू लागतात. ठिणग्या एकमेकींस मिळाल्या की संपूर्ण माळेवरून विजेचा लोळ जातो आणि संरक्षक यंत्रणा वाहिनी तत्काळ बंद करते.

एकच वाहिनी बंद पडली तर निभावते. धुके मात्र शेकडो किलोमीटर पसरलेले असते. एका वाहिनीचा भार दुसरीवर जातो, तीही त्याच धुक्यात उभी असते. २ जानेवारी २००१ रोजी, धुक्याच्या ऐन मोसमात, संपूर्ण उत्तर ग्रिड कोसळले. त्यानंतर २००७, २००८ आणि २०१० मध्येही धुके आणि प्रदूषणामुळे अनेक वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडण्याचे प्रकार घडले. जुलै २०१२ मधील प्रचंड अंधाराची कारणे वेगळी होती. तेव्हा अतिभार आणि संरक्षक रिलेंचे वर्तन हा कळीचा मुद्दा होता. हिवाळी पहाटेच्या बिघाडांत मात्र मुख्य दोषी इन्सुलेटरवरचा मळ हाच होता.

पदार्थ बदलला, चित्र बदलले

यावर दोन मार्ग होते. पहिला, वीज चालू ठेवून पाण्याच्या झोताने चकत्या धुणे. हे काम पॉवरग्रिड आणि राज्यांच्या पारेषण कंपन्या हिवाळ्यापूर्वी करीत आल्या आहेत. परंतु हजारो मनोऱ्यांपुढे ते अपुरे ठरते आणि पुढच्या काही आठवड्यांत मळ पुन्हा साचतो. दुसरा मार्ग पदार्थच बदलण्याचा होता. उत्तर भारतातील प्रदूषित पट्ट्यांत चिनी मातीच्या जागी सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर बसवण्याचे काम २००८ नंतर मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले.

या इन्सुलेटरच्या मध्यभागी काचतंतू आणि रेझिन यांचा दांडा असतो आणि त्यावर सिलिकॉन रबराचे छत्रीसारखे आवरण असते. चिनी मातीवर पाणी पसरते, सिलिकॉन रबरावर अळवाच्या पानावरच्या थेंबांसारखे ते सुटे राहते. शिवाय रबरातील हलके सिलिकॉन रेणू हळूहळू वर येऊन मळाच्या थरातही झिरपतात आणि त्या मळालाही पाणी झटकण्याचा गुण देतात. पाण्याची सलग पट्टी तयार होत नाही, म्हणून गळती प्रवाहही वाढत नाही. वजनातही हा इन्सुलेटर चिनी मातीच्या माळेपेक्षा कितीतरी हलका असतो.

याच काळात दुसरी सुधारणा झाली ती लांबीच्या हिशेबात. तारेपासून मनोऱ्यापर्यंत इन्सुलेटरच्या वळणावळणाच्या पृष्ठभागावरून जेवढे अंतर भरते, त्याला सरपट अंतर म्हणता येईल. जास्त प्रदूषणाच्या भागात दर किलोव्होल्टमागे २५ मिलिमीटर आणि अतिप्रदूषित भागात ३१ मिलिमीटर असा संकेत आहे. ४०० किलोव्होल्ट वाहिनीचा कमाल दाब ४२० किलोव्होल्ट धरला जातो. म्हणजे हे अंतर साडेदहा मीटरवरून सुमारे १३ मीटरवर न्यावे लागते. कोणत्या भागात कोणता निकष लावायचा हे ठरवण्यासाठी प्रदूषणाचे नकाशेही तयार करण्यात आले.

नव्या इन्सुलेटरचे वय

या उपायाने उत्तर ग्रिडला मोठा आधार मिळाला. परंतु त्या वेळी बसवलेले रबरी इन्सुलेटर आता पंधरा वर्षांच्या आसपासचे झाले आहेत आणि पुढील काळजीचे मूळ तेथेच आहे. चिनी माती आणि काच हे निरिंद्रिय पदार्थ आहेत. ते अनेक दशके टिकतात. काचेची चकती बिघडली तर तिचा चुरा होतो आणि दोष जमिनीवरून डोळ्यांना दिसतो. सिलिकॉन रबर मात्र ऊन, उष्णता, विजेची सूक्ष्म सळसळ आणि आम्लयुक्त ओलावा यांनी हळूहळू झिजते. पाणी झटकण्याचा गुण कमी होतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आवरणाला बारीक तडे जाऊ शकतात. अशा तड्यातून किंवा टोकाच्या जोडातून ओलावा आतील दांड्यापर्यंत पोहोचला, तर दांडा ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतो. तेव्हा केवळ वाहिनी बंद पडत नाही. तारच खाली येते.

असे दोष ओळखण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. अतिनील कॅमेऱ्याने सूक्ष्म ठिणग्या दिसतात, अवरक्त कॅमेऱ्याने तापलेला भाग कळतो आणि ड्रोनमुळे मनोऱ्यावर न चढता छायाचित्रे घेता येतात. पृष्ठभागावर पाणी फवारून थेंबांच्या आकारावरून रबराची अवस्था सात श्रेणींत ठरवण्याची पद्धत स्वीडनमधील एसटीआरआय या प्रयोगशाळेने रूढ केली. तथापि ही तपासणी हजारो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांवर नियमितपणे करणे आणि तिची नोंद वर्षानुवर्षे जपणे, हे काम यंत्रापेक्षा शिस्तीचे आहे.

प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष हवा

उच्चदाब संशोधनाची भारतातील परंपरा लहान नाही. केंद्रीय विद्युत संशोधन संस्था, अर्थात सीपीआरआय, १९६० मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. तिची अतिउच्चदाब संशोधन प्रयोगशाळा हैदराबाद येथे आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मद्रास आयआयटी आणि कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ येथेही या विषयाचे अध्यापन आणि संशोधन चालते. मोठे ट्रान्सफॉर्मर लघुपरिपथाच्या चाचणीसाठी परदेशी प्रयोगशाळांत पाठवावे लागत, ही अडचण दूर करण्यासाठी २००९ मध्ये मध्य प्रदेशातील बिना येथील उच्च शक्ती चाचणी प्रयोगशाळेसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. बिना येथेच १,२०० किलोव्होल्टचे राष्ट्रीय चाचणी केंद्र २०१२ मध्ये कार्यान्वित झाले. महाराष्ट्रात वर्धा ते औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही वाहिनी पुढे १,२०० किलोव्होल्टवर नेता येईल अशा रीतीने बांधण्यात आली आहे.

उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. रबरी आवरणाची टिकाऊपणाची प्रचलित आंतरराष्ट्रीय चाचणी खारट धुक्यात १,००० तास चालते. म्हणजे सुमारे ४२ दिवस. वाहिनीवर मात्र त्याच इन्सुलेटरकडून २५ ते ३० वर्षांची अपेक्षा असते. प्रदूषणाच्या चाचणीत मिठाचे पाणी किंवा केओलिन माती वापरली जाते. दिल्लीच्या हवेतील काजळी, खतांचे कण, सिमेंट आणि सल्फेट यांचे मिश्रण तसे नसते. चाचणी उत्तीर्ण झालेला माल चांगला असू शकतो, पण तो द्वारकेच्या पंधराव्या हिवाळ्यात कसा वागेल, याचे उत्तर चाचणीचे प्रमाणपत्र देत नाही. ते उत्तर उतरवलेल्या जुन्या इन्सुलेटरच्या अभ्यासातूनच मिळू शकते.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. कोकण किनाऱ्यावर खारी हवा आहे, चंद्रपूर परिसरात कोळसा आणि सिमेंटची धूळ आहे. चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची, १,५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून कार्यरत आहे आणि तिची लांबी ७५२ किलोमीटर आहे. एकदिश दाबाखालील इन्सुलेटर धूळ स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे अशा वाहिन्यांवर मळाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघे-कळवा परिसरातील ४०० किलोव्होल्ट वाहिन्या बंद पडल्याने मुंबई आणि परिसराची वीज कित्येक तास गेली होती. मोजक्या वाहिन्यांवर महानगर किती विसंबून आहे, हे त्या दिवशी दिसले. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्ट वाहिनी सुरू झाल्यापासून संपूर्ण देशाचे ग्रिड एक झाले आहे. उत्तरेतील मोठ्या बिघाडाचे हेलकावे आता दक्षिणेपर्यंत जाऊ शकतात.

वायूचा पर्याय आणि त्याची किंमत

मळाचा प्रश्न मुळातूनच टाळण्याचा एक मार्ग म्हणजे द्वारकेतील नव्या उपकेंद्राप्रमाणे सारी उपकरणे बंद धातूच्या नळकांड्यांत ठेवणे. या नळकांड्यांत सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू दाबाखाली भरलेला असतो. तो उत्कृष्ट विद्युतरोधक आहे, जागा थोडी लागते आणि बाहेरच्या धुक्याशी आतील उपकरणांचा संबंध उरत नाही. जमिनीची टंचाई असलेल्या शहरांत म्हणूनच अशी उपकेंद्रे वाढत आहेत.

परंतु हा वायू हवेत गळला तर उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २४ हजार पट प्रभावी ठरतो. १९९७ च्या क्योटो करारातील नियंत्रित वायूंत त्याचा समावेश होता. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नवा नियम करून या वर्गातील वायूंवरील नव्या उपकरणांना टप्प्याटप्प्याने बंदी घालण्याचे ठरवले: २४ किलोव्होल्टपर्यंत २०२६ पासून, ५२ ते १४५ किलोव्होल्टपर्यंत २०२८ पासून आणि त्याहून अधिक दाबासाठी २०३२ पासून, काही अपवादांसह. भारतातील नवी उपकेंद्रे काही दशके चालणार आहेत. तेव्हा आज भरलेल्या वायूचा हिशेब ठेवणे, गळती मोजणे आणि पर्यायी वायूंवर देशात संशोधन करणे, ही भविष्यातील खर्च टाळण्याची तयारी ठरेल.

स्वस्त, पण दुर्लक्षित काम

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय विद्युत योजनेनुसार २०३२ पर्यंत पारेषणावर ९ लाख १५ हजार कोटी रुपये खर्च अपेक्षित आहे. राजस्थान आणि गुजरातच्या वाळवंटी भागांतील सौर वीज देशभर नेणाऱ्या वाहिन्या त्यात आहेत. तेथे धूळ आणि क्षार, पुढे मैदानात धुके आणि काजळी, अशी एकाच वाहिनीची परीक्षा ठिकठिकाणी वेगळी असेल. या खर्चाचा अगदी लहान भाग जुन्या इन्सुलेटरची तपासणी आणि स्थानिक प्रदूषणाची मोजणी यांवर झाला, तरी त्याचा लाभ मोठा असेल.

ही मोजणी महागडी नाही. चकती ठरावीक प्रमाणातील शुद्ध पाण्याने पुसून घ्यावयाची, त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजावयाची आणि दर चौरस सेंटिमीटरवर किती क्षार साचले ते काढावयाचे, एवढेच तिचे स्वरूप आहे. द्वारकेतच नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. चंद्रपूर, रत्नागिरी, सोलापूर येथेही तंत्रशिक्षण संस्था आहेत. पारेषण कंपन्यांनी बदललेले इन्सुलेटर भंगारात न देता अशा संस्थांकडे आणि सीपीआरआयकडे अभ्यासासाठी सोपवले आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवले, तर प्रत्येक हिवाळ्याचा अनुभव पुढच्या निविदेत उतरू शकेल. आज हा अनुभव बहुतांशी देखभाल विभागांच्या नोंदवह्यांतच राहतो आणि खरेदी मात्र प्रमाणपत्र व किंमत पाहून होते.

धुक्यात वाहिन्या टिकवण्यासाठी पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय योग्य होता. त्या निर्णयाची मुदत आता हळूहळू संपत आली आहे. कोणते इन्सुलेटर आणखी दहा हिवाळे काढतील आणि कोणते आताच बदलले पाहिजेत, याची यादी एखाद्या मोठ्या बिघाडाआधी तयार होते की नंतर, यावर उत्तर भारताच्या वीजपुरवठ्याची पुढील विश्वासार्हता अवलंबून राहील.