गाणे गाजले, करार राहिला

गाणे लोकांच्या ओठांवर आले म्हणजे त्यातले म्हणणेही त्यांच्यापर्यंत पोहोचले, असे आपण सहज धरून चालतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे 1991 सालचे ‘ट्रीटी’ हे गाणे या समजुतीला छेद देते.

‘ट्रीटी’ म्हणजे करार. 1988 साली बारुंगा येथील महोत्सवात आदिवासींनी आपल्या हक्कांचे निवेदन पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हाती दिले. 1990 पर्यंत करार करू, असे हॉक यांनी सांगितले. ते वर्ष आले आणि गेले. करार काही झाला नाही. तेव्हा आर्नहेम लँडमधील योलंगु जमातीच्या ‘योथु यिंदी’ या बँडने, पॉल केली आणि पीटर गॅरेट या गोऱ्या गायकांना सोबत घेऊन, त्याची आठवण गाण्यातून करून दिली.

या रचनेत मोठा विवेक होता. योलंगुंची ‘मनिकाय’ ही गाणी कुळांच्या मालकीची, जमिनीशी नाते सांगणारी. कोणीही उचलावीत अशी नव्हेत. या गाण्याला आधार घेतला तो ‘जातपांगरी’चा. 1930 च्या दशकापासून तरुणांत रुजलेला हा मौजेचा नाचगाण्याचा प्रकार. आपल्या टिपऱ्यांसारख्या ‘बिल्मा’चा ताल, वाळवीने पोखरलेल्या खोडाच्या ‘यिडाकी’चा अखंड घुमणारा सूर, आणि जोडीला गिटार व ड्रम. भाषा दोन : तक्रार इंग्रजीत, नाचाचा उत्साह योलंगुंच्या बोलीत.

मूळ ध्वनिमुद्रिकेला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मग मेलबर्नच्या ‘फिल्दी लूकर’ या चमूने नृत्यगृहांसाठी त्याची नवी बांधणी केली. ठेका वाढला, इंग्रजी ओळी बहुतेक गळाल्या, आणि गाणे देशाच्या विक्रीयादीत 11 व्या क्रमांकापर्यंत चढले. आदिवासी बोली शहराशहरांतून घुमली, ही लहान गोष्ट नव्हे. गायक मंडावुय युनुपिंगु 1992 चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरले. पण गोऱ्या श्रोत्याला जे कळले असते, तेच नेमके कात्रीत गेले होते!

पुढे काय झाले? आदिवासींचे सल्लागार मंडळ राज्यघटनेत आणण्याचा प्रस्ताव 14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात सुमारे 60 टक्के मतदारांनी फेटाळला. व्हिक्टोरिया राज्याने मात्र 2025 साली कराराचा कायदा मंजूर केला.

याचा दोष गाण्याला देणे अन्यायाचे ठरेल. करार करणे हे संसदेचे काम. परंतु परक्या परंपरेतले सूर घेऊन गाणे बांधणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे : काय घेतले, याइतकेच काय गाळले, हेही त्या लोकांना विचारायला हवे. ठेका कोणालाही आवडतो. ज्यासाठी गाणे जन्मले ते मागणे ऐकून घेणे मात्र अवघड असते.