बास वाढवू नका, बसवा

खटाव तालुक्यातल्या औंधला संगीताची मोठी परंपरा आहे. पं. अंतुबुवा जोशी यांनी १९४० मध्ये येथे सुरू केलेला संगीत महोत्सव त्यांचे पुत्र पं. गजाननबुवा आणि पुढच्या पिढ्यांनी जपला. त्यामुळे डग्ग्याचा घुमारा म्हणजे काय, हे इथल्या जुन्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. चांगला घुमारा कानात भरतो आणि पुढची थाप पडण्याआधी विरतो. तो भांडी वाजवत नाही, खिडकीच्या काचा थरथरवत नाही.

आता त्याच गावात, किंवा सातारा-सांगलीतल्या कोणत्याही गावात, दिवाळीला घरी पहिले होम थिएटर येते तेव्हा काय होते ते पाहा. सबवूफरचा जड खोका टीव्हीच्या कपाटात किंवा भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला जातो. पहिल्याच सिनेमात बास दणदणतो, पण संवाद कळत नाहीत. संवादासाठी आवाज वाढवला की बास आणखी घुमतो. मुलगा म्हणतो, ‘भारी आहे.’ आजी उठून आतल्या खोलीत जाते. शेजारच्या घरी मात्र संवाद नाही, गाणे नाही, भिंतीतून येणारी नुसती धडधड पोचते.

दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, खोलीचा असतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्या हिशेबाने ४० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे जवळपास २८ फूट भरते. आपली बैठकीची खोली असते १० बाय १२ फुटांची. एवढी लांब लहर तिथे मावत नाही. ती भिंतींवर आपटून परतते आणि स्वतःच्याच पुढच्या लहरींत मिसळते. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतीपाशी दुप्पट जोराने घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून एकाच घरात सोफ्यावर बसलेल्याला बास असह्य वाटतो, तर मधल्या खुर्चीवरचा ‘बास कुठे आहे?’ असे विचारतो. जुन्या घरातले लाकडी माळवद थोडे हलून या लहरींची काही शक्ती शोषून घेत असे. सिमेंटच्या भिंती, स्लॅब आणि फरशी ती जशीच्या तशी परत फेकतात.

दुसरे कारण आपल्या कानात आहे. माणसाचा कान खालच्या स्वरांना मंद असतो. १००० हर्ट्झचा स्वर दोन-तीन डेसिबललाही ऐकू येतो. ५० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायला ४० डेसिबलहून अधिक जोर लागतो. त्यामुळे हळू आवाजात बास कमीच वाटतो आणि हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. पण ते बटण एकटा बास वाढवत नाही. त्यासोबत गोळीबार, काचा फुटणे, किंचाळ्या, सगळेच वाढते. कानाला खरी इजा होते ती या मधल्या आणि वरच्या स्वरांनी.

आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला फटका साधारण ४००० हर्ट्झच्या भागाला बसतो. माणसाला बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरे पुसट होतात. कानात शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुभा फक्त चार तासांवर येते, म्हणजे दीड-दोन सिनेमे.

म्हणून चांगला बास हा केवळ हौशी लोकांचा विषय नाही, तो आरोग्याचाही आहे. बास नीट बसला तर कमी आवाजातही समाधान होते आणि कान वाचतात.

तो बसवायला पैसे लागत नाहीत. सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागेवर ठेवावा. ओळखीचे तबल्याचे किंवा पखवाजाचे ध्वनिमुद्रण मध्यम आवाजात लावावे. मग पुढच्या भिंतीच्या कडेने, गुडघ्यांवर बसून, कान जमिनीजवळ ठेवत सरकत जावे. घरचे हसतील, हसू द्यावे. जिथे प्रत्येक थाप सुटी आणि सारख्या वजनाची ऐकू येते, तिथे खोका ठेवावा. कपाटाच्या आत तो कधीही ठेवू नये. कोपऱ्यात जोर वाढतो, पण सफाई जाते. बैठक मागच्या भिंतीला चिकटवू नये आणि अगदी मधोमधही ठेवू नये.

यंत्रात क्रॉसओव्हरची सोय असेल, म्हणजे किती खालचे स्वर सबवूफरकडे पाठवायचे हे ठरवता येत असेल, तर ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी. सोबतचे स्पीकर अगदी छोटे असतील तर १०० ते १२० हर्ट्झ ठेवावे. फेजचे बटण असल्यास दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे आणि बैठकीवर बास भरीव वाटेल ती बाजू ठेवावी. सबवूफरचा जोर अगदी कमीपासून हळूहळू वाढवावा, वेगळा जाणवू लागला की किंचित मागे घ्यावा. सबवूफर चालू आहे हे लक्षात येत नाही, पण बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटते, तेव्हा तो बरोबर लागला. खोक्याखाली रबराचे जाड तुकडे ठेवले तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते. पातळ गालिच्याने बासला काही फरक पडत नाही. गाद्यांचा जाड ढीग किंवा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट थोडी मदत करते.

राहिला प्रश्न शेजाऱ्याचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण मापनाची प्रचलित पद्धत कानाच्या मंदपणाप्रमाणे खालचे स्वर कमी धरते. ६३ हर्ट्झच्या स्वरातून यंत्र २६ डेसिबल वजा करते. शिवाय भिंत वरचे स्वर अडवते, खालचे जाऊ देते. त्यामुळे आकडा नियमात बसला तरी शेजारच्या आजोबांची झोप मोडू शकते. माणूस जागा झाला नाही तरी झोपेतल्या आवाजाने त्याच्या नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार असलेल्याला हे परवडणारे नसते. म्हणून फक्त नियमावर विसंबू नये. एकदा शेजाऱ्याच्या घरी जाऊन आपला सिनेमा तिथून ऐकावा. रात्री दहानंतर सबवूफर बंद ठेवावा किंवा यंत्रातला ‘नाइट मोड’ लावावा. तो मोठे-लहान आवाज जवळ आणतो आणि संवाद हळू आवाजातही कळतात.

दुकानदारांनीही खोक्यावर छापलेला पीएमपीओचा हजारोंचा आकडा दाखवून माल विकणे थांबवावे. त्या आकड्याची कोणतीही प्रमाणित व्याख्या नाही. ग्राहकाने त्याऐवजी त्याच्या खोलीचे माप विचारणारा दुकानदार शोधावा.

पखवाजवादक डाव्या पुडीला कणीक लावतो. पुडीचे वजन वाढले की स्वर खाली उतरतो. तो थोडी कणीक लावतो, थाप मारतो, ऐकतो आणि जास्त झाली तर तीच बोटांनी काढून टाकतो. सबवूफरच्या बटणाला हात लावतानाही एवढेच करायचे आहे. थोडे वाढवायचे, ऐकायचे आणि जास्त झाले तर कमी करायचे.