माघारी फिरण्याची विद्या

डोंगर चढण्याची हौस ही आता मूठभर छांदिष्टांची मिरास राहिलेली नाही, ही गोष्ट स्वागतार्हच मानली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर यांच्यासह बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यामुळे गडांकडे वळणारी पावले वाढतच जाणार. प्रश्न एवढाच की, चढण्याचा उत्साह ज्या वेगाने पसरला, त्या वेगाने परतण्याचा विवेक पसरला आहे काय?

प्रस्तुत लेखकाला हा विवेक पुस्तकांतून लाभलेला नाही. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही चौघे शिक्षक हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने निघालो. बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतून वर जाणारी ही वाट म्हणजे सुट्या दगडधोंड्यांनी भरलेली एक अरुंद घळ. निघायलाच उशीर झाला होता. दुपार कलली तरी निम्मी चढण झाली नव्हती आणि पाणी संपत आले होते. सोबतचा गावकरी थांबला आणि शांतपणे म्हणाला, "आता वर गेलात तर रातच्याला आम्हालाच यावं लागंल, मास्तर." आम्ही मुकाट्याने परतलो. पुढे कित्येक दिवस ही हकीगत शाळेत कोणाला सांगण्याचे धैर्य झाले नाही. आपण हरलो, अशीच भावना मनात होती. परंतु त्या वाक्यातला 'आम्हालाच' हा शब्द मात्र मनातून गेला नाही.

वस्तुतः या छंदाचा सारा नैतिक प्रश्न त्या एका शब्दात सामावला आहे. हौस आपली असते. तिचे ओझे मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. वाट चुकलेल्यांना शोधण्यासाठी अंधारात प्रथम बाहेर पडतो तो पायथ्याच्या वाडीतला माणूस. पाठोपाठ लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोर घेऊन धावतात. आपल्या साहसाच्या हिशेबात या मंडळींच्या जिवाची किंमत आपण कधी धरतो काय?

सह्याद्री उंचीने हिमालयाच्या पासंगालाही पुरणार नाही. कळसूबाईचे शिखर अवघे १,६४६ मीटर. त्यामुळेच तो फसवतो. लाव्हारसाच्या थरांवर थर साचून हा पर्वत घडला. त्यातले कठीण थर उभ्या कातळकड्यांच्या रूपाने उरले, तर मऊ थर झिजून त्यांच्या घसाऱ्याच्या उतरणी झाल्या. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, धुक्यात वाटा हरवतात आणि पाऊल बुडेल एवढा ओढा पाहता पाहता माणूस ओढून नेतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच.

अशा दुर्घटनेनंतर मनाईहुकूम निघतात. अतिवृष्टीच्या दिवसांत ते आवश्यकही असतात. तथापि हुकमाने वाट बंद करता येते, शहाणपण उघडता येत नाही. बंदीचा फलक पाहून मुळातच सावध असलेला मनुष्य घरी बसतो. बेफिकीर मनुष्य दुसरी वाट शोधतो. शिवाय बंदीबरोबर पायथ्याच्या वाटाड्याचा आणि चहाभाकरी विकणाऱ्या बाईचा रोजगारही बुडतो, याचा विचार कोणी करावयाचा?

यावर उपाय शिक्षणाचा आहे, आणि तो फारसा खर्चिकही नाही. कोणत्या वेळेनंतर पुढे जायचे नाही, हे घरून निघतानाच ठरवावे. कारण दमलेल्या माणसाची निर्णयशक्ती भरवशाची नसते. कोठे जातो आणि केव्हा परततो, हे घरी सांगून ठेवावे. अनोळखी वाटेवर गावचा माणूस बरोबर घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याचा शब्द अखेरचा मानावा. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींतून एवढे अंगवळणी पडले तरी पुष्कळ साधेल.

पुढच्या हिवाळ्यात पहाटेच निघून आम्ही त्याच वाटेने, त्याच गावकऱ्यासोबत गड गाठला. गड किती पाहिलेस, असे विद्यार्थ्याला आपण कौतुकाने विचारतो. यापुढे कोठून माघारी फिरलास, हेही शिक्षकांनी तितक्याच कौतुकाने विचारावे.