बस 'आपली', कारभार कुणाचा?

शहर बसचा प्रश्न हा स्त्रियांचा प्रश्न आहे असं म्हटलं की समोरचा माणूस लगेच मान डोलावतो आणि म्हणतो, "हो ना, छेडछाड फार वाढली आहे." छेडछाड आहेच. पण मला त्याच्या आधीचे प्रश्न विचारायचे आहेत. बस येते का? किती वाजता येते? तिचा मार्ग कोण ठरवतं? आणि ती आली नाही तर जाब कुणाला विचारायचा? नागपुरात या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि माझ्या मते बाकीच्या अडचणींचं मूळ तिथंच आहे.

मी धरमपेठेत राहते. आमचा भाग शहरातल्या सुखवस्तू भागांपैकी एक. इथल्या मुली आधी सायकलवर, मग लुनावर, आता स्कूटीवर. ज्यांच्या दाराशी दोन गाड्या उभ्या आहेत त्यांच्या बोलण्यात बस येत नाही. पण सकाळी सात ते नऊच्या दरम्यान शंकरनगर चौकात किंवा लक्ष्मीभवन चौकात थोडा वेळ उभ्या राहा. वाडीकडून, हिंगण्याकडून, पार डीकडून येणाऱ्या बाया दिसतील. पोळ्या करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, दवाखान्यात आया म्हणून काम करणाऱ्या, दुकानांतून उभ्याने बारा तास विक्री करणाऱ्या. धरमपेठेचं घर चालतं ते या बायांच्या पायांवर. त्यांतल्या कितीतरी बर्डीपर्यंत बसने येतात आणि पुढचं अंतर पायी तोडतात, कारण दुसऱ्या बसचं तिकीट परवडत नाही किंवा ती वेळेवर मिळेल याची खात्री नाही. वस्तीतल्या एका बैठकीत एक बाई फार थोडक्यात बोलली होती : "आली त आली ताई, नाई त पैदल."

हे 'नाई त पैदल' म्हणजे नेमकं काय, ते सांगते. बाईचा प्रवास घर ते कचेरी आणि कचेरी ते घर असा सरळ नसतो. ती मुलाला अंगणवाडीत सोडते, दोन घरची कामं करते, मधे रेशनच्या दुकानावर जाते, संध्याकाळी सासूचं औषध घेऊन परतते. चार ठिकाणी चढायचं, चार ठिकाणी उतरायचं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास वाट पाहायची म्हटली तर दिवसाचे दोन तास थांब्यावर जातात, आणि ते तासही बिनपगारीच. आटो करायचा तर एका घरच्या पोळ्यांची कमाई त्यात जाते. म्हणून ती जवळचं, कमी पगाराचं काम धरते. घरच्यांना मुलीचं कॉलेज बंद करायला निमित्तच हवं असतं, आणि 'बस नाही' यासारखं सोयीचं निमित्त दुसरं नाही. त्यात कुणी वाईट ठरत नाही ना!

आता जाब विचारायचा तो कुणाला, ते पाहू. थोडा इतिहास सांगावा लागेल. नागपूरला एके काळी स्वतःची सरकारी बससंस्था होती. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात उभी राहिलेली प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ही ती संस्था. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि या संस्थेची वाटचाल मुंबई राज्याच्या एस.टी.कडे वळली. तिचं आणि मराठवाड्यातल्या हैदराबादकालीन बससेवेचं एकत्रीकरण होऊन पुढे आजचं राज्य मार्ग परिवहन महामंडळ झालं. त्यानंतर कित्येक वर्षं नागपूरची शहर बस एस.टी.च चालवत होती. लाल, खडखडणारी, पण तिचा वाहक सरकारी नोकर होता, तिच्या डेपोला मॅनेजर होता, आणि मोर्चा न्यायला एक दरवाजा होता.

२००७ च्या सुमारास शहर बस महापालिकेकडे आली आणि महापालिकेने ती एका खाजगी कंपनीला चालवायला दिली. २०१७ मध्ये ती व्यवस्था मोडून 'आपली बस' आली. नाव गोड आहे. रचना मात्र अशी, की बस आणि चालक तीन वेगळ्या ठेकेदारांचे, वाहक आणखी एका ठेकेदाराचे, आणि या सगळ्यांवर देखरेख करायला पुन्हा एक नेमलेली कंपनी. महापालिकेने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. पुढे ठेकेदार बदलले, धाटणी बदलली नाही. आता समजा संध्याकाळच्या गर्दीत एखाद्या मुलीला कुणी त्रास दिला आणि वाहकाने बस थांबवली नाही. तिने कुणाकडे जायचं? चालकाचा मालक म्हणणार वाहक माझा नाही, वाहकाचा ठेकेदार म्हणणार बस माझी नाही, देखरेखीवाले म्हणणार आम्ही फक्त फेऱ्या मोजतो. ज्या व्यवस्थेत किलोमीटरचा हिशेब होतो तिथं बाईच्या तक्रारीला रकानाच नसतो.

बरं, हे ठेकेदारी प्रकरण कार्यक्षम तरी आहे का? २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी हिरवी बस मोठ्या गाजावाजाने प्रयोग म्हणून नागपुरात आली. गारेगार, चकाचक. २०१८ च्या ऑगस्टमध्ये थकबाकीच्या वादात ती बंद पडली. कंपनी निघून गेली, थांब्यावरच्या बाया तिथंच राहिल्या. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या मापदंडाप्रमाणे उत्तम सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस हव्यात. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती, म्हणजे चौदाशेच्या वर बस. 'आपली बस' सुरू झाली तेव्हा कागदावरचा आकडासुद्धा पाचशेच्या आत होता.

इथे कुणीतरी मेट्रोचं नाव घेणारच. २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा पूर्ण झाला, दोन्ही मार्ग मिळून सुमारे चाळीस किलोमीटर. एल.ए.डी. कॉलेजच्या मुलींना दारात स्टेशन मिळालं, ते चांगलंच झालं. मीही मेट्रोने जाते. पण मेट्रो दोन सरळ रेषांवर धावते. वस्ती काही त्या रेषांवर वसलेली नाही. स्टेशनपर्यंत जायला बस लागते, आणि बस नसेल तर मेट्रो ही आटोवाल्याचं भाडं परवडणाऱ्यांसाठीच उरते. मध्यंतरी शहर बस मेट्रोलाच देऊन टाकावी असाही प्रस्ताव निघाला होता. मला तो पटत नाही. मेट्रो कंपनीची जमाखर्चाची नजर स्टेशनांवर राहणार. तिच्या हाती बस गेली की बसचं काम स्टेशनला प्रवासी पुरवणं एवढंच उरेल आणि पांढराबोडीतून मेडिकलला जाणाऱ्या बाईचा मार्ग कुणाच्या नकाशावर राहणार नाही.

मला हवी आहे ती शहराची स्वतःची, स्वतंत्र परिवहन संस्था. यात नवीन काही नाही. ठाणे, कोल्हापूर, सोलापूर, नवी मुंबई या महापालिकांनी ती केलेली आहे. आपल्याच कायद्यात तिची जागा आहे. नागपूरला २०१२ पर्यंत १९४८ चा वेगळा महापालिका कायदा लागू होता. त्यानंतर आपण राज्यातल्या इतर शहरांच्या कायद्याखाली आलो. त्या कायद्यात परिवहन समिती आहे, परिवहन व्यवस्थापक आहे आणि बसच्या पैशांसाठी वेगळा परिवहन निधी आहे. वेगळा निधी म्हणजे बसचे पैसे रस्त्याच्या डांबरात जिरवता येत नाहीत. नागपूर महापालिकेत परिवहन समिती आलीही होती. पण समिती आहे आणि चालवायला स्वतःची माणसं नाहीत, असा तो संसार होता. त्यातही मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. निम्म्या जागा बायकांना, हे २०११ पासून कायद्यात आहे. पण प्रशासकाच्या राज्यात निम्म्याचा अर्थ शून्याचा निम्मा.

स्वतंत्र म्हणजे कुणापासून स्वतंत्र, हे मात्र नीट बोललं पाहिजे. पुण्याचं उदाहरण पाहा. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून पी.एम.पी.एम.एल. ही कंपनी काढली. कंपनी झाल्यावर निर्णय संचालक मंडळात होऊ लागले. लोकांनी निवडलेल्या सभेत प्रश्न विचारण्याची जी सोय होती ती आकसली. आपल्याला ठेकेदारापासून स्वतंत्र संस्था हवी, नागरिकांपासून स्वतंत्र नको.

आणि मुंबई. तिच्याकडे पाहून मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मुंबई मुळात सात बेटांची. तिथं १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस धावली आणि ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ती खाजगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. बेस्टला स्वतःची समिती, स्वतःचा अर्थसंकल्प, स्वतःचे कर्मचारी. विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघे. रात्रपाळीच्या नर्सला आणि कोळणीला भरवसा वाटावा अशी ती सेवा होती. मग विजेचा आधार काढून घेतला गेला, आणि २०१८-१९ पासून भाडेतत्त्वावर ठेकेदारांच्या बस आणि चालक आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये या कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला. आझाद मैदानात एक चालक आणि त्याची बायको उपोषणाला बसले होते. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात झालेल्या भीषण अपघातातली बसही भाडेतत्त्वावरचीच होती. २०२५ च्या मे महिन्यात पाच रुपयांचं किमान भाडं दहा रुपये झालं. 'आमची मुंबई आमची बेस्ट' म्हणणारे नागरिक आणि कामगार स्वतःच्या मालकीच्या बस परत मागताहेत. ज्यांच्याकडे होतं तेही घालवून बसताहेत. आपण तर शून्यापासून मागतो आहोत.

'तोट्यात जाईल' हा आक्षेप मला चांगला माहीत आहे. तोटा होईलच. या शहरात इतके उड्डाणपूल झाले, एकाला तरी कुणी विचारलं का की बाबा, तुझा नफा किती? पुलावरून गाडीवाला जातो आणि बसमधून बाई जाते, एवढाच काय तो फरक.

सवलतीचा मुद्दाही इथंच येऊन भिडतो. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. काटोलहून नागपूरला येणारी बाई अर्ध्या पैशात बर्डीला पोचते. ती सवलत एस.टी.ची, महापालिकेच्या बसची नव्हे. तामिळनाडूत २०२१ पासून साध्या शहर बसमध्ये, कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी बसमध्ये बायकांना तिकीटच नाही. दिल्लीत २०१९ पासून गुलाबी तिकीट आलं. हे आदेश निघू शकले कारण ज्यांना आदेश द्यायचे त्या सार्वजनिक संस्था शिल्लक होत्या. ठाण्याच्या परिवहन सेवेने २०२४ मध्ये बायकांना अर्धं तिकीट दिलं. चार-पाच ठेकेदारांच्या करारांत सवलत घालायची तर आधी वकील लावावे लागतात.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, फक्त बायकांसाठीच्या बस वाढवून घेऊ. 'तेजस्विनी' नावाच्या विजेवरच्या मोजक्या बस नागपुरातही आल्या. मी त्यांना विरोध करणार नाही, पण त्यावर समाधानही मानणार नाही. दिवसातून एखाद्या मार्गावर दोनदा येणारी बायकांची बस ही सणाच्या साडीसारखी. रोजच्या वापराला दुसरं काही लागतं. रात्री नऊनंतरची साधी बस मला जास्त महत्त्वाची वाटते. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत मुनिरकाच्या थांब्यावर ती मुलगी आणि तिचा मित्र ज्या बसमध्ये चढले ती खाजगी बस होती, तिला तिथून प्रवासी घेण्याचा अधिकारच नव्हता. आपण त्यानंतर फाशीवर बोललो, कायदा बदलला. त्या थांब्यावर सरकारी बस का नव्हती, हा प्रश्न मेणबत्त्यांच्या उजेडात फारसा दिसला नाही.

बायकांनी संस्था चालवायची म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना एकच सांगते : आमच्या धरमपेठेच्या नावाची महिलांची पतसंस्था आहे, आणि तिचा व्यवहार धरमपेठेपुरता राहिलेला नाही. परिवहन समितीत रोज बसने जाणाऱ्या बाया असाव्यात, मोलकरणींच्या संघटनेची एक प्रतिनिधी असावी, आणि चालक-वाहकांत बायकांची कायम भरती असावी, ठेक्यावरची नव्हे.

निवेदन द्यायला जाण्याआधी आपल्या हातात काहीतरी असलं पाहिजे. माझी सूचना अशी, की शहरातल्या गटांनी आपापल्या वस्तीजवळचा एक थांबा निवडावा आणि सलग सात दिवस, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ, तिथं वही घेऊन बसावं. बस किती वाजता आली, कुठली होती, थांबली की नाही, किती बाया चढल्या, किती वाट पाहून पायी निघून गेल्या, एवढं लिहिलं तरी पुरे. रात्रीच्या वेळी दोघीजणींनी मिळून बसावं. बसचा नंबर लिहावा. चालक-वाहकाचं नाव लिहू नये. त्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, आणि आपलं भांडण त्याच्याशी नाही.