एसटीतला एक फुकट्या

पनवेल स्टँडवरून अलिबागची एसटी सुटली आणि आत एक विनातिकीट प्रवासी सापडला. मग काय, अख्खी गाडी परत पाठवायची? छे!

पण ई-मेलच्या दुनियेत असंच होतं, बरं का! शाळा, बँका, दुकानं आपली हजारो पत्रं एखाद्या घाऊक सेवेमार्फत धाडतात. सर्व्हर बहुधा सामायिक. एकाने नको त्या जाहिराती पाठवल्या, की त्या सर्व्हरचा पत्ताच काळ्या यादीत जाऊ शकतो. मग तुमच्या परीक्षेचं वेळापत्रकही अडकतं!

म्हणून अशा सेवेवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा? मुळीच नाही. १९७८ साली अमेरिकेत गॅरी थर्क यांनी सुमारे ४०० जणांना न मागता संगणकाची जाहिरात पाठवली, तेव्हापासूनचा हा ताप.

मला विचाराल, तर तिकीट कंडक्टरनेच तपासावं. घेणाऱ्याने होकार दिलाय का, हे सेवेने आधी पाहावं. न पाहणारी सेवा खुशाल काळ्या यादीत जावो! एसएमएससाठी 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार घाऊक संदेश पाठवणाऱ्याला आधी नोंदणी करावी लागते. २०२५ पासून त्याच्या नावामागे इंग्रजी अक्षरही येतं: 'पी' म्हणजे जाहिरात, 'जी' म्हणजे सरकारी. नकोशा जाहिरातीची तक्रार १९०९ वर.

आईच्या मोबाइलवर आज किती 'पी' आलेत, मोजा पाहू!