ठाणे-डोंबिवलीत कॅमेलिऑनला बल्ब कशाला?

कॅमेलिऑन पाळणाऱ्या घरांत तीन वस्तू हमखास दिसतात: जाळीचा पिंजरा, प्लास्टिकची वेल आणि वर टांगलेला गरम बल्ब. पहिल्या दोहोंबद्दल तक्रार नाही. तिसरी वस्तू मात्र ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या हवेत वर्षातले बहुतेक महिने बिनकामाची असते आणि कॅमेलिऑनची पाठ भाजते ती तिच्यामुळेच. ही इजा शंभर टक्के माणसाने केलेली असते. रानातला कॅमेलिऑन उन्हाने असा भाजत नाही.

बल्ब आपल्याकडे आला तो परदेशी माहितीबरोबर. तिकडे हिवाळ्यात घरातली हवाच पंधरा-अठरा अंशांवर असते, त्यामुळे दिव्याशिवाय प्राणी जगणार नाही, हे त्यांच्यापुरतं खरं. आपल्याकडे बहुधा दोन जाती मिळतात. एक येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड आणि दुसरा मादागास्करचा पँथर. दोघांनाही ऊन खाण्याच्या जागी साधारण २९ ते ३२ अंश पुरतात, पिल्लांना त्याहून दोन-तीन अंश कमी. बाकीचा पिंजरा पंचविशीच्या आसपास हवा आणि रात्री त्याहून गार. आता डोंबिवलीतल्या वरच्या मजल्याची खोली डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही हाताला गरम लागतो. पंखा चालू असूनही खोलीचं तापमान ३३-३४ असतं. त्यात दुकानदाराने पिंजऱ्यासोबत दिलेला शंभर वॉटचा बल्ब सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालू. तिथे त्या जनावराला गारव्याची गरज आहे आणि आपण त्याला भट्टी देतोय.

‘भाजत असेल तर ते बाजूला का होत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. कॅमेलिऑनचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर तापतं. आतलं शरीर हव्या त्या तापमानाला पोचेपर्यंत तो ऊन खात बसतो. सूर्य सगळीकडून शेकतो, बल्ब मात्र हाताच्या पंजाएवढ्या जागेवर सगळी धग ओततो. थंडीत शेकोटीकडे पाठ करून बसलेल्या माणसाची पाठ पोळते आणि पोट गारच राहतं, तसंच इथे होतं. पोट अजून गार, म्हणून प्राणी हलत नाही, आणि तेवढ्यात पाठीवरची कातडी भाजून निघते. म्हणून ‘गरम लागलं तर तो सरकेल’ या भरवशावर राहू नका.

भाजण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: डोक्यावरचा तुरा, पाठीचा कणा, आणि जाळीला उलटा लटकत असेल तर पंजे. व्हेल्ड नराचा तुरा चांगला दोन इंच उंच होतो. तुम्ही फांदीचं अंतर मोजता, पण बल्बच्या जवळ असतो तो तुरा. शिवाय सहा महिन्यांपूर्वी आणलेलं पिल्लू आता दुप्पट झालेलं असतं आणि फांदी तिथल्या तिथेच असते. कॅमेलिऑन छताच्या जाळीला लटकून चालतो, हेही लक्षात घ्या. जाळीवर थेट ठेवलेला होल्डर म्हणजे त्याच्या वाटेत ठेवलेला तवाच. अंतर निम्मं झालं की धग सुमारे चौपट होते, त्यामुळे चार बोटांचा फरकही क्षुल्लक नाही.

बल्ब पिंजऱ्याच्या आत कधीच नको. बाहेर, जाळीपासूनही काही इंच वर, पक्क्या स्टँडवर हवा. प्राणी जिथवर चढू शकतो तिथून बल्बापर्यंत किमान वीतभर अंतर राहिलं पाहिजे. सवा वीत असेल तर उत्तम. क्लिपवर टांगलेले होल्डर घसरतात, झाडलोट करताना धक्का लागून खाली येतात, त्यांच्यावर विसंबू नका. उजेड न देता नुसती धग देणारे सिरॅमिक हीटर आणि रात्री लावायचे लाल बल्ब आपल्या हवेत विकत घेण्याचं एकही कारण मला दिसत नाही. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जातो आणि उजेड नसल्याने तो चालू आहे हे माणसालाही कळत नाही. रात्री कॅमेलिऑनला अंधार हवा, गारवा हवा. लाल प्रकाश त्याला दिसतो.

मग बल्ब लावायचा कधी? मार्च ते जून अजिबात नाही. पावसाळ्यात सलग ढगाळ, ओले दिवस आले आणि प्राणी सकाळी गडद रंगाचा, अंग चपटं करून उजेडाकडे वळलेला दिसला तर तासभर. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा बंद. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः कल्याण, बदलापूरकडे पहाट चांगलीच गार पडते तेव्हा सकाळचे दोन तास. समुद्रापासून आत असल्यामुळे हा पट्टा उन्हाळ्यात मुंबईपेक्षा जास्त तापतो आणि थंडीत जास्त गारठतो. ठाणे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. त्या दोन तासांसाठी ४० वॉटचा बल्ब पुष्कळ होतो. टायमर लावा, कारण सकाळी लोकल पकडायच्या घाईत बल्ब चालू राहिला की तो रात्री घरी येईपर्यंत चालूच राहतो.

प्राण्याचा रंग वाचायला शिका. गडद आणि पसरलेला असेल तर त्याला ऊब हवी आहे. फिकट पडून तोंड उघडून बसला असेल तर तो तापला आहे. बल्ब लगेच बंद करा, पिंजरा सावलीत हलवा, पानांवर पाणी फवारा.

तापमान मोजायचं ते पाठीच्या उंचीवर. पिंजऱ्याच्या भिंतीला चिकटवलेलं गोल काट्याचं थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतं, पाठीचं नाही. वायरच्या टोकाला प्रोब असलेलं डिजिटल थर्मामीटर घ्या, प्रोब प्राण्याची पाठ जिथे येते तिथे बांधा आणि बल्ब लावून तासाभराने आकडा बघा. ३२ च्या वर गेला तर बल्ब वर न्या किंवा कमी वॉटचा लावा. हातपरीक्षाही आहे: हाताची मागची बाजू त्याच जागी दोन मिनिटं धरून ठेवा. चटका लागल्यासारखं वाटलं तर त्याच्या पाठीलाही लागतो.

एक गोंधळ इथेच निस्तरू. ‘बल्ब काढला तर हाडं मऊ होतील’ असं अनेकांना वाटतं. हाडांसाठी लागतात ते यूव्हीबी किरण, आणि त्यांची ट्यूब वेगळी असते. साध्या गरम बल्बातून ते मिळत नाहीत. ती ट्यूब बाराही महिने लागते आणि ती साधारण वर्षाने बदलावी लागते, कारण उजेड दिसत राहिला तरी किरण कमी होत जातात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही उपयोगाचं नाही. काच यूव्हीबी अडवते. गॅलरीच्या ग्रिलमध्ये सकाळचं कोवळं ऊन देता येत असेल तर त्याहून चांगलं काही नाही, मात्र पिंजरा जाळीचा हवा, अर्धा भाग सावलीत हवा आणि कावळ्या-मांजरांवर नजर हवी. काचेची पेटी उन्हात ठेवलीत तर आतला प्राणी अर्ध्या तासात मरू शकतो.

एवढं करूनही भाजलं तर? पहिल्या दिवशी फारसं दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. बल्बाच्या बाजूच्या अंगावर एखादा डाग भोवतालापेक्षा फिकट किंवा विचित्र हिरवा होतो. दोन-चार दिवसांत तो काळपट पडतो, फोड येतो, पाणी सुटतं, मग कडक खपली धरते. जखम किती खोल आहे हे कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक याला कात समजतात. कात पांढुरकी असते आणि अंगभर सुटते. भाजल्याचा डाग एकाच जागी, नेमका बल्बाकडच्या बाजूला असतो. शंका असेल तर भाजलंय असंच धरून चाला.

नुकतंच भाजलं असेल तर बल्ब बंद करून त्या जागेवर साध्या पाण्यात भिजवलेली स्वच्छ गॉझची पट्टी दहा मिनिटं ठेवा. बर्फ नको. हळद, खोबरेल, तूप, टूथपेस्ट, शाई यांतलं काहीही नको. तेलतुपाने उष्णता आत कोंडते आणि हळदीखाली जखम दिसेनाशी होते. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी किंवा बधिर करणारं मलम तर मुळीच नको. एवढ्याशा जिवाला पॅरासिटामॉलचा तुकडाही विष ठरू शकतो. फोड फोडू नका. पिंजऱ्यातली माती, कोकोपीट काढून खाली साधा टिश्यू पेपर अंथरा, पाणी वाढवा. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: खायला सोडलेले रातकिडे पिंजऱ्यात राहिले तर रात्री ते जखमच कुरतडतात. खाणं वाटीतून द्या आणि उरलेले किडे संध्याकाळी वेचून काढा.

आणि मग डॉक्टर. ‘आपोआप भरून येईल’ ही वाट पाहणं महागात पडतं. भाजलेल्या कातडीतून शरीरातलं पाणी झिरपतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि जखमेत जंतू शिरतात. विष्ठेतली पांढरी गोळी पिवळी-नारिंगी झाली, डोळे खोल गेले, की पाणी कमी पडतंय असं समजा. डॉक्टर जखम धुतात, मेलेली कातडी काढतात, सिल्व्हर सल्फाडायझिनसारखं मलम देतात, वेदनेसाठी आणि जंतूंसाठी इंजेक्शन देतात, गरज पडली तर सलाइनही. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि वजन ग्रॅममध्ये असतं, म्हणून ती अंदाजाने घरी ठरवायची नसते. बरं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. व्रणाच्या जागी रंग परत येतोच असं नाही, आणि तिथली कात पुढे दर वेळी अडकते, तीही बघावी लागते.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात सरपटणारे प्राणी पाहतातच असं नाही. निघण्यापूर्वी फोन करून विचारा. परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल, म्हणजे लोकांच्या तोंडचं बैलघोडा हॉस्पिटल, कल्याणहून लांब आहे, म्हणून तिथेही आधी फोन करूनच जा. प्राणी भोकं पाडलेल्या खोक्यात, आत एक फांदी बांधून न्या. सकाळच्या साडेआठच्या लोकलमध्ये नेऊ नका. त्या गर्दीत माणसालाही उभं राहता येत नाही.

काही जण डॉक्टरकडे जात नाहीत ते कागदांच्या भीतीने. वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि घरात पाळले जाणारे हे कॅमेलिऑन त्या यादीत येतात. नोंदणी केली नसेल तर वनविभागाकडे जाऊन पुढे काय करायचं ते विचारा. एप्रिल २०२५ मध्ये डोंबिवलीच्या पलावा वसाहतीतल्या एका सदनिकेतून वनविभागाने ओरांगउटानचं पिल्लू आणि परदेशी सरपटणारे प्राणी ताब्यात घेतले, तेव्हा या भागात चालणारा चोरटा व्यवहार सगळ्यांना दिसला. असा माल स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. पण घरात असलेला प्राणी भाजलेला असताना कागद नाहीत म्हणून त्याचे उपचार थांबवणं हा शुद्ध दुष्टपणा आहे. डॉक्टरचं काम उपचार करणं हे आहे.

आपल्या रानातला देशी कॅमेलिऑन, ज्याला घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात, तो मात्र पाळायचाच नाही. तो संरक्षित आहे. कुणाच्या घरी दिसला किंवा जखमी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

बाकी, तुमच्या पिंजऱ्यावर आत्ता बल्ब लागलेला असेल आणि बाहेर घाम येत असेल, तर उठा आणि तो बंद करा. होल्डर थंड झाला की टेप घेऊन तुऱ्यापासूनचं अंतर मोजा.