घराच्या हिशेबात लेक कुठे आहे?

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी लागली की आपल्या वस्त्या पहाटेच रिकाम्या होतात. आई, सून, वयात आलेली लेक गुत्त्याच्या शेतावर जातात. त्यांच्या मजुरीतूनच घरात तेल-मीठ येते. त्याच घरातला पंचविशी ओलांडलेला मुलगा मात्र भरतीच्या आशेवर अभ्यासिकेत बसलेला असतो.

आमचा शिक्षणाला विरोध असूच शकत नाही. 1998 साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला केंद्राने 2018 मध्ये आकांक्षित, म्हणजेच मागास, जिल्ह्यांच्या यादीत घातले. हाताला काम नसताना मुलगा घरी राहिला, हा त्याचा गुन्हा नव्हे. आमचा सवाल हिशेबाचा आहे.

1918 साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये. तरीही ते परळच्या चाळीतच राहिले. घरखर्चाची ठरावीक रक्कम माता रमाईंच्या हाती देऊन उरलेल्या पैशातून त्यांनी लंडनच्या शिक्षणाची तजवीज केली. उच्च ध्येय आणि घराची जबाबदारी, दोन्ही त्यांनी सांभाळले. ज्यांनी पोसले त्यांना पोसावे, हे तथागतांनीही सिगालाला सांगितले आहे.

आणि लेकीचे काय? घर बांधताना तिची मजुरी चालते. वाटणीच्या वेळी मात्र तिच्यापुढे हक्कसोडपत्र येते! 1956 च्या वारसा कायद्याने तिला बापाच्या मालमत्तेत वारस केले. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे बाबासाहेबांच्या 1951 च्या राजीनाम्याचे एक कारण होते. त्यांच्या अनुयायांनीच लेकीचा अंगठा घ्यावा काय?

म्हणून आम्ही म्हणतो, कमावत्या मुलाने दरमहा ठरावीक रक्कम आईच्या हाती द्यावी. शिकणाऱ्याने सोंगणीच्या दिवसांत विळा धरावा. नाहीतर घरी पाणी भरावे, भाकरी थापावी. लेकीची मजुरी वहीत तिच्या नावाने लिहावी आणि त्यातला वाटा तिच्या शिक्षणासाठी राखावा. समतेची घोषणा चौकात देणे सोपे आहे. ती आधी आपल्या घरातल्या वहीत उतरली पाहिजे.